टीव्हीवरच्या गुप्तहेराचे पाय

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीची जेवणे आटोपली की आपण टीव्हीसमोर बसतो. पडद्यावरचा इन्स्पेक्टर सबंध रात्र एका बंद कारखान्याबाहेर पाळत ठेवून बसलेला असतो, पहाटे भिंतीवरून उडी मारतो, चिखलातून धावतो आणि गुन्हेगाराची मानगूट पकडतो. पण कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो तेव्हा भांग जागच्या जागी असतो, गालावर खुंट उगवलेले नसतात आणि शर्टाची इस्त्री मोडलेली नसते. आपण तोंडाने काही बोलत नाही. तरीही नंतर तो जो पुरावा मांडतो, त्यावरून आपले मन उडालेले असते आणि ते का उडाले हे चटकन सांगता येत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गुप्तहेर टापटीप असो किंवा गबाळा असो, त्याच्या अंगावर त्याचा दिवस दिसला पाहिजे. सकाळपासून त्याने काय केले, कुठे बसला, किती चालला, याची खूण केसांत, कपड्यांत, नखांत दिसली पाहिजे. पुन्हा सांगतो, टापटीप की गबाळा हा प्रश्नच नाही. त्याच्या अंगावर त्याचा दिवस दिसतो की नाही, एवढेच पाहायचे.

दोन टोकांची दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकेच्या टीव्हीवर पीटर फॉक या नटाने लेफ्टनंट कोलंबो साकारला, तो चुरगळलेल्या रेनकोटात. तो रेनकोट फॉक यांचा स्वतःचा होता. कथा घडते लॉस एंजेलिसला, जिथे पाऊस क्वचितच पडतो, आणि हा गृहस्थ मात्र बारमाही रेनकोट घालून श्रीमंतांच्या बंगल्यांत शिरतो. संशयित त्याच्या अवताराकडे पाहून गाफील राहतात. तो कोट खरा वाटतो, कारण तो घालणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे; खिशात हात कुठे जाईल हे हाताला ठाऊक आहे. दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या टीव्हीवर 1989 ते 2013 अशी चोवीस वर्षे डेव्हिड सुशे यांनी केलेला अर्क्यूल पॉयरो. मेण लावून टोके वळवलेल्या मिशा, चकचकीत बूट, कोटावर धुळीचा कण नाही. हाही खराच वाटतो, कारण ही टापटीप राखण्यासाठी तो माणूस किती जपतो हे आपल्याला दिसत असते. तो बसण्याआधी खुर्ची पुसतो आणि चिखल दिसला की त्याचा जीव वर-खाली होतो. त्याच्या टापटिपीला कष्ट पडलेले आहेत. आपल्या मालिकांतल्या इन्स्पेक्टरच्या टापटिपीला मात्र त्याचे स्वतःचे काहीच कष्ट पडलेले नसतात, ते रंगभूषाकाराला पडलेले असतात, आणि प्रेक्षकाला हा फरक कळतो.

तो कसा कळतो हे सांगायला मी आपल्याला सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीत घेऊन जातो. साल 1993. दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ब्योमकेश बक्षी ही मालिका लागत असे आणि आमच्या घरातल्या टीव्हीसमोर निम्मी गल्ली जमत असे. मुले पुढे सतरंजीवर, बाया मागे भिंतीला टेकून आणि पुरुष उंबऱ्यात उभे. बाहेर यंत्रमागांची खटखट चालू असे, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागे. (आता टीव्हीचे पडदे भिंतीएवढे झाले आहेत, पण त्या लहान पडद्यावर आम्ही जितके बारकाईने पाहत होतो तितके आता कोणी पाहत नाही, असे माझे ठाम मत आहे.)

त्या बायांमध्ये एक अव्वा असत. वय साठीच्या पुढे, सारा जन्म विड्या वळण्यात गेलेला. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि बोटे अशी चालत की नजर दुसरीकडे असली तरी विडीचे तोंड बरोबर दुमडले जाई. त्यामुळे त्यांची नजर दिवसभर मोकळी असे, आणि ती गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यावर असे.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या भागातल्या माग-कारखान्यांतून सुताची पोती चोरीला जाऊ लागली. एका शेडमधून दोन, दुसऱ्यातून चार. लहान कारखानदाराला चार पोती म्हणजे पंधरा दिवसांची कमाई. तक्रार झाली, हवालदार येऊन गेले, आणि त्यानंतर आठवड्याभराने गल्लीत एक टॉवेलवाला दिसू लागला.

टॉवेलवाला म्हणजे आपल्याकडे रोजची गोष्ट. कारखान्यातून माल उचलायचा, गाठोडे खांद्यावर टाकायचे आणि दारोदार फिरायचे. हा माणूसही तसाच होता. मळकी लुंगी, बाहीला उसवलेला शर्ट, तीन-चार दिवसांची दाढी, डोक्याला पटका. सकाळी दहाच्या सुमारास तो यायचा, आमच्या समोरच्या ओट्यावर गाठोडे ठेवून बसायचा, दुपारभर तिथेच लिंबाच्या सावलीत असायचा. आम्ही मुले त्याच्या आसपास खेळायचो. आम्हाला काही वेगळे वाटले नाही. मोठ्यांनाही वाटले नाही. माझ्या आईने त्याच्याकडून एक पंचासुद्धा घेतला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सोलापूरचे ऊन म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको, अव्वांनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवले, माठातले पाणी तांब्यात घेतले, आणि मला म्हणाल्या, “चल माझ्यासंगट.” आम्ही ओट्यापाशी गेलो. अव्वांनी तांब्या पुढे केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, पाणी घ्या.”

त्या माणसाचा हात तांब्याजवळ जाऊन थांबला. मी अगदी शेजारी उभा होतो, त्यामुळे तो थांबलेला हात मला आजही दिसतो. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “मावशी, साहेब कुणाला म्हणता?”

अव्वा त्याच्या पायांकडे पाहत म्हणाल्या, “तुमचं पाय बघा की, साहेब. ऊनच लागलेलं नाही त्याला. बुटातलं पाय हाय ते.”

मी पाहिले. खरोखरच घोट्यापर्यंत पाय फिकट होते आणि वर पोटरीचा रंग गडद होता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाच्या पायावर चपलेच्या पट्ट्याची खूण होती: पट्ट्याखाली कातडी उजळ, बाकी पाय उन्हाने करपलेला, टाचांना भेगा. या माणसाच्या पायावर पट्ट्याची खूण नव्हती, टाच गुळगुळीत होती, आणि चपलेचा अंगठा जिथे बोटाला घासतो तिथे नवा फोड आला होता. जन्मभर चपलेत चाललेल्या माणसाच्या बोटाला तिथे घट्टा असतो, फोड नसतो.

अव्वा तिथेच थांबल्या नाहीत. त्यांनी बोट न दाखवता, पाणी ओतता ओतता, एकेक सांगितले. कपाळावर भुवईच्या वर एक उजळ पट्टा आहे, तो टोपीचा. दाढी वाढवली आहे, पण मिशीची कड सरळ रेषेत कापलेली आहे, म्हणजे रोज आरशासमोर उभे राहण्याची सवय सुटलेली नाही. गाठोडे वाहणाऱ्याच्या शर्टाचा खांदा आधी विरतो, यांची बाही उसवली आहे आणि खांदा मात्र कोरा आहे. आणि टॉवेलची घडी! विकणारा माणूस घडी अशी घालतो की किनार बाहेर यावी, गिऱ्हाइकाची नजर आधी किनारीवर जाते. यांनी किनार आत दुमडली होती, घरच्या कपाटात ठेवावी तशी.

तो माणूस पाणी प्यायला. तांब्या परत देताना एवढेच म्हणाला, “मावशी, कुणाला सांगू नका.” अव्वांनी कुणाला सांगितले नाही, आणि मलाही घरापर्यंत हात धरून आणताना तशी शपथ घातली. दुसऱ्या दिवसापासून टॉवेलवाला आला नाही. सूतचोरी पुढे उघडकीस आली ती वेगळ्याच वाटेने, चोरीचे सूत विकत घेणाऱ्या एका दुकानदाराच्या हिशेबातून. पण आमच्या ओट्यावर तीन दिवस बसलेला तो अधिकारी कष्टाळू होता, उन्हात बसला होता, दाढी वाढवून आला होता. त्याला वेश जमला होता, पण त्या वेशातली मागची वीस वर्षे त्याच्या अंगावर नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्याकडे टीव्ही पाहायला अव्वा आल्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. रजित कपूर धोतर-कुडत्यात, स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवणारा तो ब्योमकेश, पडद्यावर बोलत होता. मी हळूच विचारले, “अव्वा, हा खरा वाटतो का?” त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “धोतराची सवय हाय ह्येला. बसताना हात लावत नाही.” तो बसत होता तेव्हा सोगा आपोआप बाजूला जात होता, त्याकडे त्याचे लक्षही नव्हते. त्यानंतर दुसऱ्या एका मालिकेतला इन्स्पेक्टर आला, तेव्हा अव्वांनी मान फिरवली आणि विड्यांचा कट्टा बांधायला घेतला.

श्रोतेहो, मी पुढे अनेक मालिका पाहिल्या, पण मला त्याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही. बसताना हात कपड्याला लागतो का? टोपी काढल्यावर केस दबलेले दिसतात का? रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली काही आहे का? 1985 च्या करमचंद या गुप्तहेराच्या मालिकेत पंकज कपूर यांनी गाजर आणि काळा चष्मा प्रत्येकाच्या लक्षात राहील असा वापरला, पण मला आठवते ते त्यांचे गाजर खाणे. ते मनापासून चाललेले असे, विचार करताना चावण्याचा वेग बदलत असे. ती वस्तू त्या माणसाच्या सवयीत मुरलेली होती. नुसते गाजर हातात दिले असते तर ती खूणच राहिली असती.

कपड्यांविषयी तर सोलापूरकरांनी बोललेच पाहिजे, कारण गणवेश शिवणे हा आपल्या गावाचा मोठा धंदा आहे. खाकी कपडा कसा विटतो हे आपल्याकडच्या कोणत्याही शिवणकाम करणाऱ्याला विचारा. आधी खांदे आणि पाठ फिकट होतात, कारण ऊन तिथे पडते. पट्ट्याखालचा भाग गडद राहतो, खिशाच्या झाकणाखालचा तुकडाही गडद राहतो. कॉलरची घडी आधी झिजते. मालिकेतला गणवेश मात्र पाकिटातून आत्ताच काढल्यासारखा सगळीकडे एका रंगाचा असतो. चांगले वेशभूषाकार नवा कपडा मुद्दाम म्हातारा करतात, पुन्हा पुन्हा धुतात, काचपेपरने कडा घासतात, चहाच्या पाण्यात बुडवून काढतात. याला पैसा फार लागत नाही. लागतो तो वेळ, आणि रोज एक भाग काढणाऱ्यांकडे तो नसतो, हे मला मान्य आहे. पण पार्श्वसंगीताच्या दणक्यावर जो वेळ आणि पैसा जातो, तो थोडा कॉलरवर खर्च करावा असे मला फार वाटते. त्या दणक्याने आमच्या घरातली म्हातारी माणसे अजूनही दचकतात.

काही वेळा रंगभूषेवाचूनही हे घडते. सी.आय.डी. ही मालिका 1998 मध्ये सुरू झाली आणि 2018 पर्यंत चालली. एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम, अभिनयाच्या जोडीने अनेक वर्षे बँकेत नोकरी केलेले गृहस्थ. त्या मालिकेतल्या प्रयोगशाळेवर आणि एका लाथेत मोडणाऱ्या दारांवर विश्वास ठेवणे कठीण होते, पण एसीपींवर घरोघरी विश्वास होता. त्याचे एक कारण असे की वीस वर्षे आपण त्यांचे केस पांढरे होताना पाहिले, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वाढताना पाहिल्या. त्या माणसाची नोकरीतली वर्षे आपल्या डोळ्यांदेखत त्याच्या अंगावर चढली. केसांना काळाभोर कलप लावून तिशीतल्याप्रमाणे धावणारा अधिकारी दाखवला की मला फार वाईट वाटते, कारण पिकलेल्या केसांनी जो अधिकार फुकट मिळाला असता, तो त्या कलपाने पुसून टाकलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच गावातली काही महाविद्यालयीन मुले माझ्याकडे आली. त्यांना मोबाइलवर एक छोटी तपासकथा चित्रित करायची होती. त्यातला हवालदार साध्या वेशात फेरीवाला होऊन फिरतो. नायकाचे काम करणाऱ्या मुलाने दाढी वाढवली होती, लुंगी जुनी आणली होती, शर्टही घासून घेतला होता. मी त्याला चप्पल काढायला सांगितली. पाय बुटातले होते. मी त्याला अव्वांची गोष्ट सांगितली आणि विचारले की पडद्यावर हा हवालदार ओळखला जायला हवा आहे की नको. मुले आपसांत बोलली, आणि ओळखला जायला नको असे ठरले. मग मी त्या मुलाला सांगितले की कॉलेजला जाताना बूट घालू नकोस, आणि रोज दुपारी कन्ना चौकातून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चपलेत चालत जा आणि चालतच परत ये.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. दाराशी चप्पल काढून आत आला, आणि काही न बोलता त्याने दोन्ही पाय माझ्यासमोर फरशीवर ठेवले. अंगठ्याजवळचा फोड वाळून कातडी घट्ट झाली होती, आणि पायावर आडवा, बोटभर रुंदीचा उजळ पट्टा स्पष्ट उमटला होता.

नमस्कार.