हार्ड डिस्क गेली, असे म्हणण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला डेस्कटॉप संगणक सुरू होईनासा झाला, की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते: "हार्ड डिस्क गेली वाटतं." त्यामागून येणारे दुसरे वाक्य त्याहून घातक असते: "फॉर्मॅट मारून टाकू," म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडू. या दोन वाक्यांच्या मध्ये जी तपासणी व्हायला हवी आणि सहसा होत नाही, तिच्याविषयी आज बोलायचे आहे. मराठवाड्यातल्या घरांत बंद पडणाऱ्या कितीतरी संगणकांचा दोष डिस्कमध्ये नसतोच. तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, अर्थिंगच्या तारेत, धुळीत किंवा सैल झालेल्या केबलमध्ये सापडतो. आणि दोष खरोखरच डिस्कमध्ये असला, तर मूळ बिघाडाइतकेच नुकसान आपले उतावीळ उपाय करून ठेवतात. म्हणून आधी वीज पाहावी, मग जोडण्या पाहाव्यात, आणि डिस्कवर संशय आला की दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून आधी तिच्यावरची माहिती वाचवावी.

विजेपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या भागात तिथेच पुष्कळ काही दडलेले असते. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला, म्हणजे कॅबिनेटला, उघड्या हाताची पाठ लागली की बारीक झिणझिण्या येतात, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा डबा. विजेतला अनावश्यक गोंगाट गाळण्यासाठी त्याच्या आत छोटे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बसवलेले असतात आणि ते फेज व न्यूट्रलपासून थेट पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तसाच राहतो आणि त्याची जाणीव आपल्या हाताला होते. झिणझिण्या येणे हे संगणक बिघडल्याचे लक्षण नव्हे; बहुधा घराला अर्थिंग नसल्याचे ते लक्षण आहे. पण त्याच पत्र्याला चिकटून मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेले मुख्य सर्किट, असतो, हार्ड डिस्क असते, आणि अशा स्थितीत पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरची केबल लावताना नाजूक भागांना धक्का बसू शकतो.

आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पाडते. त्या कोरड्या मातीत पुरलेली अर्थिंगची पट्टी असून नसल्यासारखी होते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुन्या वायरमनची सवय म्हणजे निव्वळ रूढी नव्हती. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून त्याची जाड पिन कापून टाकणे, हा उद्योग मात्र कृपा करून करू नये.

घरातले दिवे अचानक डोळे दिपवतील इतके प्रखर झाले, पंखा वेड्यासारखा फिरू लागला, तर बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात येणारे व्होल्टेज २३० च्या बरेच वर जाते. तेव्हा संगणक व्यवस्थित बंद करण्याची वाट न पाहता मुख्य स्विच पाडावा. साधी वीज गेल्याने मात्र हार्ड डिस्कवर ओरखडा उमटतो, हा समज खरा नाही. वीज जाताच डिस्कच्या तबकड्यांच्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी ऊर्जा मिळते आणि तिच्या जोरावर वाचणारे टोक सुरक्षित जागी परतते. नुकसान होते ते अर्धवट लिहिल्या गेलेल्या माहितीचे, म्हणून पुढच्या वेळी संगणक सुरू होताना डिस्क तपासत बसतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचे, म्हणजे वीज जाताच क्षणार्धात बॅटरीवर नेणारे, बटण आहे का, ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला कळत नाही, पण संगणक त्यात बंद पडतो. वेगळा यूपीएस असेल तर त्याची बारा व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत मान टाकते, हे लक्षात असू द्यावे.

आता समजा बटण दाबले, पंखे फिरले, दिवा लागला, पण पडद्यावर काहीच आले नाही. अशा वेळी हार्ड डिस्कला दोष देणे सहसा चुकीचे ठरते. डिस्क अजिबात नसली, तरी चांगला मदरबोर्ड पडद्यावर निदान कंपनीचे नाव किंवा सूचना दाखवतो. इथे संशय आधी रॅमवर, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, घ्यावा. प्लग भिंतीतून काढा, मग चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटची बाजूची झडप उघडा आणि रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला. पट्टी आपोआप थोडी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. मुलांच्या दप्तरातले साधे पांढरे खोडरबर त्या दातांवर एकाच दिशेने हलके घासावे, कीस झटकून टाकावा आणि पट्टी तिची खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत बसवावी; खिट्टी बसल्याचा 'कट्' असा आवाज आला पाहिजे. कानस वापरू नये, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहिल्यावर दोषी कोणती ते कळते. संगणक 'बीप' देत असेल तर ते मोजून ठेवावेत, कारण त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो आणि तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

दहा-पंधरा मिनिटे चालून आपोआप बंद होणारा संगणक बहुधा तापलेला असतो. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, खोलीच तापलेली असते आणि त्यात प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा थर साचलेला असतो. ज्या घरात कापूस साठवतात, तिथे तर त्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंची चक्क गादी तयार झालेली आढळते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात.

एक छोटी गोष्ट येथेच सांगून टाकतो. तारीख रोज मागे जात असेल आणि संकेतस्थळे "जोडणी सुरक्षित नाही" असे बजावत असतील, तर व्हायरसच्या मागे लागण्याआधी मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल बदलावा. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, तो तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आता हार्ड डिस्कविषयी. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, आणि तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने सरकत असते. माहिती वाचणारे टोक तिच्या पृष्ठभागाला न टेकता हवेच्या थरावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणही या अंतराच्या मानाने प्रचंड असतो. घरी किंवा दुकानाच्या काउंटरवर डिस्कचे झाकण उघडणे म्हणजे तिचा शेवट करणे, असे मी का म्हणतो ते यावरून ध्यानात येईल.

"बूट करण्याजोगे उपकरण (म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू होतो ती डिस्क) सापडत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर आली, तर सर्वप्रथम संगणकाला लावून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा. त्यानंतर डिस्कच्या दोन जोडण्या तपासाव्यात: रुंद जोडणी विजेची असते आणि अरुंद जोडणी माहितीची. माहितीची साटा केबल स्वस्त असते, पण तिच्या एका सैल टोकामुळे चांगली डिस्क मेल्यासारखी वागते. केबल बदलून आणि मदरबोर्डवर दुसऱ्या जागी लावून पाहिल्याशिवाय डिस्कविषयी निकाल देऊ नये.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. तिला स्मार्ट नोंदी म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या विनामूल्य प्रोग्राममध्ये त्या वाचता येतात. तिथे आकड्यांची लांबलचक रांग दिसते, पण घरगुती वापरासाठी तीन ओळी पुरेशा आहेत. पहिली ओळ रीअलोकेटेड सेक्टरची, म्हणजे खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेल्या भागांची. दुसरी पेंडिंग सेक्टरची, म्हणजे जे भाग नीट वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांची. या दोन्ही आकड्यांपैकी एखादा शून्यावर नसेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क उतरणीला लागली आहे असे समजावे. तिसरी ओळ सीआरसी चुकांची, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती जाता-येताना झालेल्या चुकांची. हा आकडा बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवतो. तो कधी कमी होत नाही, पण केबल बदलल्यावर वाढायचा थांबला तर काळजीचे कारण उरत नाही. एक गैरसमज जाता जाता दूर करतो: एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराने फसवले असे नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

आकडे वाढत असतील, फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागत असेल, किंवा डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक्-टक्' आवाज येत असेल, तर पुढची पायरी दुरुस्तीची नाही. "पाहू या पुन्हा एकदा" म्हणत संगणक वारंवार चालू-बंद करू नये. चेकडिस्क ही विंडोजची आज्ञा धडधाकट डिस्कवरची विस्कळीत झालेली मांडणी सुधारण्यासाठी उपयोगी आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती तासन् तास ताण टाकते आणि वर नवे लेखनही करते. "वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करा" असा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर 'कॅन्सल' हेच द्यावे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय समाजमाध्यमांवर फिरत असतो. थंड डिस्क बाहेर काढल्यावर दमट हवेत तिच्यावर पाणी धरते, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये.

'टक्-टक्' नसेल तर घरी करता येण्याजोगे काम असे आहे. डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी, म्हणजे तिच्यावरून विंडोज चालवण्याचा भार तिच्यावर पडत नाही. मग आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते उचलावे: लग्नाचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो, सातबारा व खरेदीखताचे स्कॅन, मुलीच्या प्रकल्पाचा अहवाल. चित्रपट आणि गाणी शेवटी, आणि खरे तर नाहीच उचलली तरी चालतील. एखाद्या फाइलवर कॉपी अडून बसली, तर ती सोडून पुढे जावे. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीची थोडी ओळख असलेल्यांनी तिच्यावरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरावा. तो आधी वाचता येणारा सगळा भाग नव्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. नव्या एसएसडीविषयी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कविषयी, एवढेच, की तिच्यात फिरणारा भाग नाही, म्हणून ती आवाजाने इशारा देत नाही. बऱ्याचदा एका सकाळी दिसेनाशीच होते. शिवाय पुसलेली फाइल तिच्यावरून परत मिळणे फार कठीण असते. एसएसडी घेणाऱ्याने बाहेरच्या डिस्कवरची दुसरी प्रत तर ठेवायलाच हवी.

आवाज करणारी डिस्क मात्र बंद ठेवून तज्ज्ञाकडेच द्यावी. तिच्या खालचे हिरवे सर्किट दुसऱ्या तशाच डिस्कचे लावून भागेल असे कोणी सांगितले, तर सावध राहावे. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कपुरती माहिती साठवलेली असते. संगणक दुकानात देताना पावतीवर "माहिती हवी आहे, विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये" असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि डिस्कचा अनुक्रमांक स्वतःकडे टिपून ठेवावा. डिस्क वॉरंटीत असली तरी विचार करूनच जमा करावी, कारण वॉरंटी त्या वस्तूची असते. कंपनी बदली डिस्क देते, आपली जुनी डिस्क आणि तिच्यावरची माहिती परत देत नाही.

नमस्कार.