विहिरीच्या पाण्याला फिनेलचा वास

नमस्कार, श्रोतेहो. पावसानं जोर धरलाय, म्हणून आज विहिरीबद्दल बोलू, आणि तिच्या शेजारच्या शोषखड्ड्याबद्दल.

डिचोली तालुक्यात माझ्या मावशीचं घर आहे, डोंगराच्या उतारावर. परसात विहीर, पाणी इतकं नितळ की तळाचं नाणं दिसावं. एका जुलैत आधी मावसभावाला कावीळ झाली, मग त्याच्या बायकोला. तिला सातवा महिना होता. मावशी ठाम, "पाण्याला दोष देऊ नका, माझ्या सासूबाई हेच पाणी पिऊन नव्वदीला गेल्या." खरं होतं ते. पण सासूबाईंच्या काळी वरच्या अंगाला घर नव्हतं. आता तिथे बंगला झालाय आणि त्याचा संडासाचा खड्डा विहिरीच्या नेमका वर.

विहिरी उपसणारे एक काका आले. बंगलेवाल्यांना विचारून त्यांनी खड्ड्यात फिनेलच्या बाटल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मावशीनं कळशी वर ओढली, नाकाशी नेली, तशीच पायरीवर ठेवली आणि तिथंच खाली बसली. कळशीला फिनेलचा वास येत होता.

सून पंधरा दिवस इस्पितळात होती. हेपटायटिस ई ही मैला मिसळलेल्या पाण्यातून होणारी कावीळ एरवी बहुधा आपोआप उतरते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. आमची सून वाचली. तिची मुलगी आता शाळेत जाते.

  

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, भोकाभोकांचा. पाणी त्यातून न गाळता झिरपतं. म्हणून सांगतो: विहीर वर, खड्डा खाली. जुन्या गोव्यात, म्हणजे पोर्तुगीजांच्या तेव्हाच्या राजधानीत, हेच नडलं. विहिरी सांडपाण्यानं नासल्या, साथींमागून साथी आल्या. 1543 मध्ये तिथे भयंकर मोडशी, म्हणजे कॉलरा, पसरली. आपला हा मोडशी शब्दच पुढे पोर्तुगीजांच्या लिखाणात गेला. शेवटी 1759 मध्ये व्हाइसरॉयनं मुक्काम पणजीला हलवला, आणि 1843 मध्ये राजधानीही पणजीच झाली. ज्या मुलखात मैला बंद गटारातून जातो आणि पाणी शुद्ध होऊन नळाला येतं, तिथे असल्या साथी क्वचितच उठतात.

विहीर आणि खड्डा यांत निदान 15 मीटर अंतर हवं, जांभ्यात त्याहून जास्त. आणि उतार बघा. विहीर वर, खड्डा खाली. पाऊस आहे तोवर पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका, नितळ दिसलं तरी. घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या.

मावशीच्या शेजाऱ्यांनी त्याच दिवाळीत खड्डा खालच्या अंगाला हलवला. तुमच्या वरच्या अंगाला कुणाचा खड्डा आहे, ते आज संध्याकाळी जाऊन विचारून या. नमस्कार.