तापमान चढलं, की पट्टी आखडली?

[दृश्य: लॅपटॉपची कड, ऑडिओ जॅक अगदी जवळून]

खोलीचं तापमान लॅपटॉपवर नोंदवायचं, तर सेन्सरचं व्होल्टेज आत न्यावं लागतं. बाहेरचं व्होल्टेज थेट आत घेईल असं लॅपटॉपला एकच भोक असतं, माईकचं. पण त्याच्या वाटेवर कपॅसिटर बसलेला. आवाजासारखं थरथरतं व्होल्टेज तो पुढे सोडतो, स्थिर व्होल्टेज अडवतो. खोलीचं तापमान तासाभरात दोन अंश सरकतं, माईकच्या लेखी ते जागचं हललेलंच नसतं.

जुन्या पीसींवर असं संथ बदलणारं काही मोजायची सोय होती. १९८१च्या आयबीएम पीसीसाठी जॉयस्टिक जोडायचं गेम कार्ड मिळायचं. जॉयस्टिकच्या रेझिस्टन्समधून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, एवढंच ते मोजायचं. जॉयस्टिकच्या जागी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर, लावला की झालं. यूएसबी आलं आणि तो जॉयस्टिकचा पोर्ट गेला.

[दृश्य: ब्रेडबोर्ड, नॅनो बोर्ड, तीन पायांचा सेन्सर]

आता मध्ये एक दुभाषा लागतो. अर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा क्लोन (यूएसबीशी बोलणारी सीएच३४० चिप असलेला), एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, सोल्डरिंगशिवाय जोडणी करायचा छोटा ब्रेडबोर्ड, चार जंपर वायरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं पाचशे रुपयांच्या आत बसतं.

एलएम३५ची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा पाय पाच व्होल्टला, मधला नॅनोच्या व्होल्टेज मोजणाऱ्या ए० पिनला, उजवा ग्राउंडला. उलटा बसला तर काही सेकंदांत बोटाला चटका बसेल इतका तापतो. तसा तापलेला सेन्सर नंतर चालू राहिला, तरी मोजमापाला वापरू नये. ३.३ व्होल्टही द्यायचे नाहीत, याला किमान चार लागतात.

[दृश्य: स्क्रीनवर आकडे]

दर अंशाला दहा मिलिव्होल्ट हा एलएम३५चा हिशेब. २७ अंशाला ०.२७ व्होल्ट. नॅनो ते १०२४ पायऱ्यांच्या पट्टीवर मोजतो, आणि गोची या पट्टीचीच आहे. काही सांगितलं नाही, तर नॅनो यूएसबीचं व्होल्टेज म्हणजेच पूर्ण पट्टी असं धरतो. एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास अर्धा अंश. त्यात यूएसबीचे पाच व्होल्ट क्वचितच नेमके पाच असतात. ते ४.७५ असले, तर २७ अंशाला आकडा ५५ऐवजी ५८ येतो आणि प्रोग्रॅम २८.३ अंश दाखवतो. खोली तीच, आखडली ती पट्टी. सेन्सर बदलून हा दोष जात नाही, तरी बहुतेक जण आधी सेन्सरच बदलतात.

उपाय फुकट आहे. नॅनोच्या मुख्य चिपमध्येच सुमारे १.१ व्होल्टचा स्थिर संदर्भ, म्हणजे न आखडणारी पट्टी, असतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला अ‍ॅनालॉग रेफरन्स ‘इंटर्नल’ करायचा. पायरी १.०७ मिलिव्होल्टवर येते, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागावर. कमाल मर्यादा ११० अंश, घरगुती कामाला भरपूर.

मात्र हे १.१ प्रत्येक चिपमध्ये वेगळं, १.० ते १.२च्या दरम्यान कुठेही असतं. हा संदर्भ नॅनोच्या एरेफ पिनवर मोजता येतो. म्हणून मल्टीमीटर एरेफ पिन आणि ग्राउंडला लावून खरा आकडा घ्यायचा आणि तोच सूत्रात १.१च्या जागी टाकायचा. त्याआधी प्रोग्रॅमने एकदा तरी ए० वाचलेलं हवं. तोवर हा संदर्भ चालूच होत नाही. मल्टीमीटर सोडून एरेफला बाहेरून काहीही जोडू नये. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्यावीत, पुढे सोळा वाचनांची सरासरी घ्यावी.

[दृश्य: लांब वायर, टोकाला सेन्सर]

वायर लांब केली की आकडे नाचू लागतात. लांब वायर स्वतःच थोडा विद्युतभार साठवते, म्हणजे तिला कपॅसिटन्स असतो. एलएम३५ला आउटपुटवर फार कपॅसिटन्स झेपत नाही, ५० पिकोफॅरडच्या वर तो डळमळतो. मधल्या पायाशी, सेन्सरच्या अगदी जवळ, सिरीजमध्ये दोन किलोओहमचा रेझिस्टर घालावा. नॅनोच्या टोकाला घातलेला उपयोगी नाही.

[दृश्य: पातेल्यात उकळतं पाणी]

आकडा बरोबर येतो का, हे तपासायला बर्फ नको. या जोडणीत एलएम३५ दोन अंशांच्या खाली मोजत नाही. उकळतं पाणी घ्यावं. मुंबईत १००, पुण्यात ९८च्या आसपास. सेन्सरचे पाय हीट श्रिंकमध्ये, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिक नळीत, नीट बंद करावेत, आत पाणी शिरलं की आकडा भरकटतो.

[दृश्य: यूएसबी केबल]

लॅपटॉपवर नॅनोचा पोर्ट दिसतच नसेल, तर आधी केबल बदला. मोबाइलच्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात. विंडोजवर सीएच३४०चा ड्रायव्हर पाहा. उबुंटू २२.०४मध्ये ब्रेल उपकरणांसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा याच चिपला ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट बळकावते. ती वापरात नसेल तर काढा, आणि स्वतःला डायलआउट गटात, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत, घाला. प्रोग्रॅम चढत नसेल तर अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा.

नोंदी पुटी या सॉफ्टवेअरने फाइलमध्ये साठवता येतात, वेग प्रोग्रॅममध्ये आणि पुटीत दोन्हीकडे ९६०० ठेवायचा. पोर्ट उघडला की नॅनो रीसेट होतो, तेव्हा पहिली ओळ खोडायची. आणि रात्रभर नोंदी घ्यायच्या असतील तर लॅपटॉपचं स्लीप आधी बंद करायचं.