शून्य फिरवायला वेळ लागायचा

कर्रर्र... टकटकटकटक. आवाज ओळखला ना? जुना डायलचा फोन. आता स्लो मोशनमध्ये बघा. बोट भोकात घालून डायल उजवीकडे ओढताना नंबर लागतच नव्हता, तेव्हा आत फक्त स्प्रिंग गुंडाळली जायची, नंबर लागायचा तो डायल परत येताना. ३ फिरवलं की लाइन तीनदा तुटायची नि जोडली जायची, ७ ला सातदा, आणि शून्य म्हणजे दहादा, सेकंदाला साधारण दहा टकटक. म्हणून शून्य जास्त असलेला नंबर लावायचा कंटाळा यायचा, आठवतंय?

आपण इंदूरच्या रामबागेत एका माळ्यावर आहोत. हे काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत आणि हे सगळे डबडे फोन त्यांचे, काळे, हिरवे, तो कोपऱ्यातला लाल. काकूंच्या मते भंगार. आम्ही पूर्ण दुपार इथेच होतो त्यामुळे फिल्मपण जास्त इथलीच आहे, सांभाळून घ्या.

हे छोटं कुलूप बघा. पोरांनी एसटीडी, म्हणजे बाहेरगावचे महाग कॉल, लावू नये म्हणून डायलच्या भोकात अडकवायचे. पण पोरं रिसीव्हर ठेवायचं बटणच टकटक दाबून नंबर लावायची, कारण एक्सचेंजला, म्हणजे फोन एकमेकांना जोडणाऱ्या केंद्राला काय, लाइन किती वेळा तुटली तेवढंच कळायचं. काका हसतायत, म्हणजे घरात झालेलं दिसतंय!

पलीकडे एक्सचेंजमध्ये काय व्हायचं ते शूट करायला जुनं मशीनच उरलेलं नाही, म्हणून काका हातानेच करून दाखवतायत. पहिला आकडा आला की दांडी तेवढ्या पायऱ्या वर चढायची, दुसरा आला की तेवढी घरं आडवी सरकायची. दहा मजले, मजल्यावर दहा घरं, म्हणजे शंभर फोन. याला स्ट्रोजर म्हणायचे, आणि गंमत म्हणजे आल्मन स्ट्रोजर इंजिनीअर नव्हताच, अमेरिकेत अंत्यविधीचं सामान नि व्यवस्था बघणारा माणूस. गोष्ट अशी सांगतात की ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याच दुकानाला जोडून द्यायची, तर याने वैतागून ऑपरेटरच काढून टाकला. पेटंट १८९१ चं.

आता रिसीव्हर उघडतायत. बोलायच्या बाजूच्या माइकमधले हे काळे बारीक दाणे म्हणजे कोळसा. १८७६ मध्ये बेलने फोनचं पेटंट घेतलं पण त्याच्या फोनवर ओरडावं लागायचं, पुढे एडिसन वगैरे मंडळींनी त्यात कोळसा आणला तेव्हा आवाज नीट जायला लागला. दाणे चिकटून बसले की आवाज दबायचा, मग रिसीव्हर टेबलावर आपटायचा की परत सुरू! आपले आजोबा रागाने नव्हते आपटत, रिपेअर करत होते. आणि वीज गेली तरी हा चालायचा, ४८ व्होल्ट एक्सचेंजच्या बॅटरीतूनच तारेवर यायचे.

लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर, पुढे पी.पी., म्हणजे शेजारून बोलावून द्या. पुण्याच्या मावशीला ऑपरेटरकडे ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा कॉल, बुक करून तासन्तास वाट बघायची. १९८४ ला सी-डॉट आलं, म्हणजे देशी एक्सचेंज बनवणारी सरकारी संस्था, मग पिवळे पीसीओ, पैसे देऊन फोन करायची दुकानं. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल लावला आणि पुढे वीसेक वर्षांत पीसीओवाले, लाइनमन, डायल, सगळं आवरलं.

हे इंदूरचं जेल रोड, इथे मोबाइल रिपेअर होतात. आताचा फोन उघडायला आधी काच गरम करावी लागते, गोंदाने चिकटवलेली असते ना. माइक तांदळाच्या दाण्याएवढा, बिघडला की बदला, आपटून बघू नका.

पुढे काय? तांब्याची तार जातेय, फायबर येतंय, आवाजसुद्धा आता डेटाच झालाय. २०२२ पासून काही फोन टॉवर नसेल तिथून संकटात सॅटेलाइटला थेट मेसेज पाठवतात. उद्या मी मराठीत बोलेन नि समोरच्याला तमिळ ऐकू येईल, थोडंफार होतंच आहे. येऊ दे की. पण स्क्रू ठेवा राव, उघडता येईल असं काहीतरी ठेवा.

परत माळ्यावर. काकांनी दोन जुने फोन, एक बॅटरी आणि तार जोडलीये, तार जिन्यावरून खाली स्वयंपाकघरात गेलीये. घंटी नाही, म्हणून काका वरूनच हाक मारतात, "अगं, उचल!"

"उचललाय. चहा झालाय, खाली या सगळे."

कोळशातून आवाज एकदम स्वच्छ येतो.