चार डिसेंबर आठवतो, नऊचं काय?

नमस्कार मंडळी! चार डिसेंबर म्हणजे नेव्ही डे, हे आपल्याला बरोबर माहीत असतं, 1971 ला आपल्या मिसाइल बोटींनी कराचीला दणका दिला तो दिवस, 2023 ला तर आपल्या सिंधुदुर्गात तारकर्लीला केवढा मोठा सोहळा झाला. पण पाचच दिवसांनी काय झालं विचारा, पोरं सोडा, माझ्या वयाची माणसंही गप्प.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर आयएनएस खुकरी ही आपली फ्रिगेट (म्हणजे लढाऊ जहाज) पाकिस्तानी पाणबुडी शोधत होती, सोबत किरपाण ही दुसरी फ्रिगेट होती, आणि झालं उलटंच, त्या हंगोर पाणबुडीनेच खुकरीला गाठलं. टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, वाचले 67.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते जहाजासोबत गेले, मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जिथे कुठे खुकरीचा विषय निघतो तिथे हे सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण माझं मन आपलं खालच्या डेकवर जातं हो, इंजिनरूममध्ये ड्यूटीवर असेल त्याला वर यायला किती शिड्या, त्यात लाइट गेलेले, जहाज कललेलं, आणि हातात मिनिटं किती तर मोजून दोन-चार.

दीवला आम्ही गेलो होतो (लोक तिथे कशाला जातात ते तुम्हाला माहितीय, गुजरातेत दारूबंदी ना!) तिथे समुद्रासमोर टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या घरात खुकरीचं मॉडेल. काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसलेला, बोटाने पुसलं तेव्हा कुठे तोफा दिसल्या. शेजारी एक कुटुंब सेल्फी काढत होतं, त्यांच्या मुलाने विचारलं हे जहाज कुठंय आता, तर बाबा म्हणाले अरे शोपीस आहे ते, चल. मला राग नाही आला, त्यांना तरी कोणी सांगितलंय?

नेव्ही मात्र विसरली नाही. माझगाव डॉकमध्ये नवीन जहाज बांधलं, त्याला खुकरीचंच नाव दिलं, 1989 ला ते नौदलात आलं, 32 वर्षं ड्यूटी करून 2021 ला रिटायर झालं आणि म्युझियमसाठी दीवलाच दिलं. जुनी खुकरी तिथून 40 मैलांवर, खाली.