हात मांडीवर

(महात्मा फुले मंडई, सकाळ. गर्दीतून चालणाऱ्या काकू. कॅमेरा कमरेच्या उंचीवर.)

काकूंच्या पायाकडे नको, उजव्या हाताकडे पाहा. उजवं पाऊल टेकलं की पंजा मांडीवर येतो, मांडी मागे रेटतो, आणि मगच डावा पाय उचलला जातो. पुन्हा पाऊल, पुन्हा हात. मंडईच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. साडीच्या निऱ्या सावरत चालणाऱ्या बायका इथे कितीतरी आहेत, आणि काकूंनीही ही लकब तशीच दिसावी अशी बसवून घेतली आहे. भाजीची पिशवी मात्र कायम डाव्या हातात.

तो हात एका स्नायूचं काम करतो आहे. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा चार पदरांचा स्नायू असतो. टाच जमिनीला लागते तेव्हा गुडघा जरासा वाकतो, आणि अंगाचा भार त्याला आणखी वाकवायला बघतो. क्वाड्रिसेप्स त्याला तिथेच धरतो. धडधाकट माणसाला हे कधी जाणवतही नाही. स्नायू दुबळा असेल तर गुडघा दगा देतो आणि माणूस उभ्याचा खाली बसतो. मांडी हाताने मागे दाबली की भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते, सांधा मागच्या बाजूने घट्ट होतो आणि पाऊल निभावतं. काकूंना हे कुणी शिकवलेलं नाही.

(जुना फोटो. अंगणात भिंतीला टेकून उभी असलेली लहान मुलगी.)

दोन वर्षांच्या असताना ताप आला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. ज्यांना संसर्ग होतो त्यांतल्या साधारण २००मधल्या एकाला कायमचं पांगळेपण येतं. काकू त्या एक. जगल्या-वाचलेल्या पेशींनी शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंना नवे फाटे फोडले, दुप्पट-तिप्पट काम अंगावर घेतलं, आणि मुलगी चालू लागली. शाळा, नोकरी, संसार, सगळं त्या हातावर झालं.

भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ती माणसं कुठे गेली नाहीत, ती आपल्यात आहेत, आणि आता त्यांचं वय होतं आहे. ओझं वाहून थकलेल्या त्या पेशी पन्नाशी-साठीत हळूहळू हात टेकतात. डॉक्टर याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. काकू आता ५८ वर्षांच्या आहेत. गेल्या दोन वर्षांत तीनदा पडल्या, एकदा मनगट मोडलं.

(कारखाना. दारावर पाटी नाही. भिंतीवर टांगलेले जुने कॅलिपर.)

रास्ता पेठेतल्या गल्लीत ही दोन खोल्यांची जागा आहे. दुबळ्या पायाला बाहेरून आधार देणारे साचेबद्ध पट्टे, म्हणजे ब्रेस, इथे बनतात, आणि काकू त्यासाठीच आल्या आहेत. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली ठोकलेला बूट असलेले भिंतीवरचे ते कॅलिपर, म्हणजे जुन्या पद्धतीचे ब्रेस, तुम्ही कधीतरी पाहिले असतील. या जातीच्या कॅलिपरचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या लिव्हरपूलपर्यंत, ह्यू ओवेन थॉमस नावाच्या हाडवैद्यापर्यंत जातं. पुण्याला ही विद्या अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र इथेच उभं राहिलं. भिंतीवरच्या त्या कॅलिपरांतले काही पन्नास वर्षांचे असतील. ते टाकून द्यायला इथल्या कारागीर काकांचं मन धजावत नाही.

(प्लास्टर. जवळून.)

आता जरा थांबून बघा, कारण खरं काम हेच आहे.

पायावर आधी पातळ मोजा चढतो. त्यावर ओल्या पेन्सिलीने खुणा होतात: गुडघ्याची वाटी, घोट्याची दोन्ही हाडं, आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला असलेलं हे छोटं टोक. या टोकाला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर कडक कड दाबली गेली तर पाऊल बधिर होतं, पंजा लुळा पडतो. म्हणून त्या खुणेवर पेन्सिल दोनदा फिरते.

"काकू, पाय सैल सोडा. मी धरलाय."

मोज्याच्या आत पुढच्या बाजूने रबराची नळी सरकवलेली असते. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या जातात, आणि ते आळेपर्यंत इथली माप घेणारी मुलगी दोन्ही तळहातांनी पाय धरून बसते. गुडघा किती सरळ, घोटा किती अंशांत, टाच कुठे, सगळं या काही मिनिटांत ठरतं. तिचे हात हलले तर पुढचे आठ दिवस फुकट. मग नळीवरून सुरी फिरते आणि साचा उघडतो. आतल्या बाजूला पेन्सिलीच्या जांभळ्या खुणा उतरलेल्या दिसतात.

त्या साच्यात प्लास्टर ओतलं की काकूंचा पाय तयार. पांढरा, जड, व्हाइसच्या शिकंज्यात पकडलेला. आता काकांची कानस. नियम ऐकायला सोपा आहे: हाडावर भर, मांसावर कानस. जिथे हाड वर आलंय तिथे प्लास्टर वाढवायचं, म्हणजे तयार ब्रेसमध्ये पोकळी राहते. जिथे मांस दाब सोसतं तिथे घासायचं. किती, हे बोटांना कळतं. काका डोळे मिटून त्या पायावरून हात फिरवताहेत, ते कॅमेऱ्यासाठी नाही. ते रोज तसंच करतात.

(भट्टी. पांढरा पत्रा हळूहळू पारदर्शक होतो.)

हे पॉलिप्रॉपिलीन. ४-५ मिलिमीटर जाडीचा, दुधासारखा पांढरा पत्रा. १८० अंशांच्या पुढे तापला की तो काचेसारखा आरपार दिसायला लागतो. तीच खूण. दोघं दोन टोकं धरतात, पत्रा त्या प्लास्टरच्या पायावर टाकतात, शिवण दाबतात, आणि पंप सुरू होताच प्लास्टिक सगळ्या खाचाखोचांत ओढलं जातं. निवता निवता ते पुन्हा पांढरं होऊ लागतं. रात्रभर निवतं, सकाळी कापलं जातं.

(सांधा. पट्टी वाकवणारे हात.)

मांडीचा तुकडा, पोटरी-पावलाचा तुकडा, आणि दोन्ही बाजूंनी त्यांना जोडणारे धातूचे सांधे. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि आमच्या मते तो जायलाच हवा. माणसाचा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्यावर फिरत नाही. वाकताना त्याचा फिरण्याचा आस सरकत राहतो. ब्रेसची बिजागरी मात्र साधीच. म्हणून ती बसवायची जागा शोधावी लागते: नडगीच्या हाडाच्या माथ्यापासून सुमारे २ सेंटिमीटर वर, आणि मध्यापासून किंचित मागे. ती चुकली तर खुर्चीवर बसताना ब्रेस मांडीवर वर-खाली घासतो, पोटरीला चिमटा बसतो, आणि महिन्याभरात तो माळ्यावर जातो. पुण्यातल्या किती माळ्यांवर असे ब्रेस पडून असतील!

सांधे निरनिराळे असतात. एकात उभं राहिलं की कडी खाली पडते आणि गुडघा कुलूपबंद. भरवशाचा, पण चालताना पाय काठीसारखा राहतो आणि प्रत्येक पावलाला कंबर उचलावी लागते. दुसऱ्यात बिजागरी मुद्दाम मागे सरकवलेली असते. भार पुढून जातो आणि कुलुपाशिवाय गुडघा टिकतो, अर्थात जमीन सपाट असेल तर. तिसरा पाऊल टेकलेलं असताना धरतो आणि उचलल्यावर सोडतो. त्यासाठी कमरेत जोर हवा आणि गुडघा पूर्ण सरळ होणारा हवा. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीच्या सी-ब्रेसमध्ये तर सेन्सर आणि हायड्रॉलिक्स आहे, छोटा संगणक पावलागणिक ठरवतो. त्याची किंमत इथे येणाऱ्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

काकूंसाठी मागे सरकवलेली बिजागरी निवडली, आणि पायऱ्यांसाठी वर कुलूपही.

(दुसरी खोली. खुर्चीत बसलेला मुलगा, शेजारी आई.)

या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार मोजला जातो. ब्रेसने आजार थांबणार नाही. उभं राहण्याचे दिवस वाढू शकतात. आज त्याचं माप आहे.

(दोन समांतर दांडे. काकू उभ्या.)

पहिली चाचणी. काकूंनी घरून तीन जोडी चपला आणल्या आहेत, कारण तसं बजावलं होतं. टाच थोडी उंच झाली की नडगी पुढे झुकते आणि गुडघा वाकायला बघतो. चप्पल बदलली की ब्रेसचं गणित बदलतं. म्हणून ब्रेस पायावर नव्हे, पाय आणि चप्पल या जोडीवर जुळवतात. मोठ्या शिबिरात एका दिवशी शेकडो मापं घेतली जातात, तिथे हे कसं व्हावं? सरकारची साहाय्यक साधनांची योजना १९८१पासून आहे आणि ती हवीच आहे. पण साधनाबरोबर अशा चार फेऱ्याही मिळायला हव्यात. एक माप, एक चाचणी, पंधरा दिवसांनी कातडीवरच्या लाल खुणा तपासायला एक, आणि त्यानंतर आणखी एक. लाल खूण वीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर पुन्हा भट्टीजवळ.

"काकू, हात काढा."

"काढलाय की गं."

"मांडीवर आहे."

काकू हाताकडे बघतात, तो दांड्यावर ठेवतात. दोन पावलं. तिसऱ्याला हात पुन्हा मांडीवर. ५६ वर्षांची सवय आहे.

कारागीर काका जमिनीवर बसून गुडघ्याच्या उंचीवरून बघताहेत. आतली पट्टी तीन मिलिमीटर पुढे आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलीलाही तेच दिसतंय. ब्रेस उतरतो. काकू खुर्चीत बसतात, चहा मागवला जातो.

(स्क्रू उघडणारे हात. कानशीचा आवाज.)