आडवं पडून ऐकण्याआधी

मंडळी, उद्याच्या ध्वनिविश्रांतीबद्दल, म्हणजे आडवं पडून वाद्यांचे संथ सूर ऐकण्याच्या सत्राबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलं, की नुसतं पडून ऐकायचंय, मग तयारी कसली? तयारी लागते, आणि ती कानांसाठी लागते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. गाढ झोपेतसुद्धा कुणी आपलं नाव घेतलं की जाग येते. अंग कितीही सैल सोडा, कान राखणीला बसलेलेच असतात. या राखणदाराच्या शंका आधीच मिटवायच्या, एवढंच आपल्याला करायचं आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते थंडीकडे. चाळीस मिनिटं हालचाल न करता पडलं की अंग गार पडायला लागतं, त्यात इथे खाली शहाबादी फरशी. कुडकुडत कुणाला सैल होता येत नाही. म्हणून सतरंजी दुहेरी घाला, अंगावर चादर घ्या, पायात मोजे घाला. उकाड्याचे दिवस असले तरी. गुडघ्यांखाली लोड किंवा घोंगडीची वळकटी घेतली की कंबरेवरचा ताण उतरतो. गरोदर बायकांनी डाव्या कुशीवर झोपावं. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी खुर्ची आहे, आणि खुर्चीत ऐकणं कमी प्रतीचं मुळीच नाही.

जेवण दोन-अडीच तास आधी उरका, हलकं ठेवा. पण उपाशी येऊ नका. भुकेलं पोट शांततेत गुरगुरतं आणि माणूस संकोचाने सगळं अंग आवळून घेतो. चहा-कॉफी नंतर. बांगड्या, घड्याळ, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. फोन पूर्ण बंद करा. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन फरशीवर घुर्रकन वाजतो आणि शेजारचे चार जण दचकतात.

आता वाद्याची तयारी. हा तंबोरा मिरजेचा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते सर्वस्वी योग्यच झालं. याचा भोपळा आणि लाकूड दोन्हींवर हवेचा परिणाम होतो, म्हणून मी तो तासभर आधी खोलीत आणून ठेवतो आणि मग पुन्हा जुळवतो. इथे जवळ या, बघा. घोडीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर, प्रत्येक तारेखाली सुती दोरा आहे. आधी असाच छेडतो... आता दोरा केसभर सरकवला. ऐका. तार तीच, ताण तोच, पण मघाचा मुका आवाज आता उघडला, भुणभुणत राहिला. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला तार पुन्हा पुन्हा स्पर्शते आणि वरचे स्वर उमटतात. हीच जवारी. एक तार विझायच्या आत दुसरी छेडली जाते, त्यामुळे मध्ये खाच पडत नाही. दचकण्यासारखं काही येणार नाही अशी कानांची खात्री पटते, आणि श्वास आपोआप लांबतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते.

म्हणून मी सुरुवात तंबोऱ्याने करतो. वाजवायच्या काशाच्या वाट्या नंतर, त्याही गुंडाळलेल्या दांडीने आणि हलक्या हाताने. लहान खोलीत मोठा गाँग, म्हणजे टांगलेली धातूची थाळी, वाजवणं मला पटत नाही. तो अंगावर येतो, आणि अंगावर येणाऱ्या आवाजाला मी विश्रांती म्हणणार नाही.

कानात सतत शिटी वाजत असेल, मोठे आवाज सोसत नसतील, फिटचा त्रास असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर कृपा करून आधी सांगा. काहींना मागच्या बाजूला बसवू, काहींना आधी डॉक्टरांना विचारायला सांगू. वाट्या मी कुणाच्या अंगावर ठेवत नाही. चालू औषधं बंद करून तर कुणीच येऊ नका. याने आजार बरा होतो असं मी कधीच सांगणार नाही.

सत्र संपल्यावर उजव्या कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन सावकाश उठा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. आणि दुचाकीवर आलेल्यांनी पंधरा मिनिटं तरी इथेच बसून, पाणी पिऊन, मगच किल्ली हातात घ्यावी.